कोटेशन मागवलं, पण उत्तर कुठंय? प्रोकोअरच्या एपीआयमधून आरएफक्यू कशा काढतात

इमारतीचं काम अर्ध्यावर आलेलं असतं. स्लॅब पडलेले असतात, एसीचे डक्ट टाकायला माणसं आलेली असतात आणि तेवढ्यात लक्षात येतं की जिथून डक्ट जायला हवा तिथं बीम आहे. बीम एकाच्या नकाशात होता आणि डक्ट दुसऱ्याच्या, त्यामुळे कागदावर दोन्ही बरोबर दिसत होतं. आता डक्ट वळवायचा, त्यासाठी विजेच्या केबलचा ट्रे हलवायचा आणि मग फॉल्स सीलिंग थोडं खाली आणायचं. तीन कामं, तीन सब-कॉन्ट्रॅक्टर आणि सगळ्यांना विचारायचा प्रश्न एकच : पैसे किती वाढणार आणि दिवस किती वाढणार?

आपल्याकडच्या साइटवर याला ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणतात. इंजिनिअर फोन करतो, सब-कॉन्ट्रॅक्टर लेटरहेडवर आकडा लिहितो आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो. छोट्या कामात हे चालून जातं. पण एकाच वेळी वीस-पंचवीस साइट चालवणाऱ्या कंपनीत असे शेकडो आकडे हवेत फिरत असतात. कुणाला विचारलं, कुणी उत्तर दिलं, कुणाची मुदत उलटली, हे कुणालाच एका जागी दिसत नाही.

अमेरिकेतल्या मोठ्या कंत्राटदारांकडे हाच व्यवहार प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमधून होतो. तिथं कोटेशनच्या मागणीला ‘रिक्वेस्ट फॉर कोट’ म्हणतात, बोलताना आरएफक्यू. आणि कंपनीच्या सगळ्या साइटवरच्या सगळ्या आरएफक्यू एका तक्त्यात आणायच्या असतील, तर एकेका प्रोजेक्टची स्क्रीन उघडत बसण्यापेक्षा सॉफ्टवेअरच्या एपीआयकडे मागणी करतात. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामकडून माहिती मागण्याची ठरलेली खिडकी.

ही खिडकी वापरायला अवघड नाही. तिच्यातून आलेली यादी पूर्ण आहे की अर्धवट, हे ओळखणं मात्र अवघड आहे. अर्धवट यादीही दिसायला पूर्ण यादीसारखीच दिसते.

आरएफक्यू कशाला म्हणायचं?

इथं उदाहरण प्रोकोअर या सॉफ्टवेअरचं घेतलं आहे, कारण बांधकामाच्या क्षेत्रात ते बरंच वापरलं जातं. टूई कोर्टमांश यांनी २००२ मध्ये ही कंपनी सुरू केली. स्वतःच्या घराचं बांधकाम लांबून सांभाळताना कोण कधी साइटवर येतंय याचा मेळ बसेना, त्यातून ही कल्पना निघाली असं सांगितलं जातं. कंपनीचं मुख्यालय कॅलिफोर्नियातल्या कार्पिंटेरिया या गावी आहे आणि मे २०२१ मध्ये तिचे शेअर न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर आले.

नवीन माणूस पहिल्यांदा अडखळतो तो नावांमध्ये. काम सुरू होण्याआधी चार जणांकडून भाव मागवून त्यातल्या एकाला काम देतात, ती झाली निविदा. प्रोकोअरमध्ये तिचं खातं वेगळं आहे, ‘बिडिंग’ नावाचं. नकाशातली शंका विचारायची असेल तर ती आरएफआय, म्हणजे माहितीची मागणी. आरएफक्यू या दोन्हींपेक्षा वेगळी. ज्याला काम आधीच दिलेलं आहे, ज्याच्याशी करार झालेला आहे, त्याला बदललेल्या कामाचा भाव विचारायचा, ती आरएफक्यू.

त्यामुळे प्रोकोअरमध्ये आरएफक्यू ‘चेंज इव्हेंट’च्या पोटात जन्माला येते. चेंज इव्हेंट म्हणजे ‘साइटवर काहीतरी बदललं, याचा खर्चावर परिणाम होऊ शकतो’ अशी नोंद. बीमच्या उदाहरणात डक्ट, ट्रे आणि सीलिंग या तिन्हींसाठी मिळून एक चेंज इव्हेंट होईल आणि त्यातून तीन सब-कॉन्ट्रॅक्टरना तीन आरएफक्यू जातील. त्यांची उत्तरं आली, वाटाघाटी झाल्या की पुढे त्याची ‘चेंज ऑर्डर’ होते, म्हणजे मूळ कराराची रक्कम अधिकृतपणे बदलते.

हा क्रम डोक्यात पक्का बसला नाही तर माणूस चुकीच्या एंडपॉइंटवर तासन्‌तास घालवतो. ‘कोटेशन हवीत’ एवढंच वरिष्ठांनी सांगितलेलं असतं आणि प्रोग्रामर निविदांची यादी काढून देतो. दोन्हींत कंपन्यांची नावं असतात, दोन्हींत रकमा असतात, त्यामुळे पहिल्या नजरेत कुणाच्या लक्षातही येत नाही.

किल्ली कशी मिळते

प्रोकोअरचा एपीआय ओ-ऑथ २.० या पद्धतीने दार उघडतो. आधी प्रोकोअरच्या डेव्हलपर पोर्टलवर आपल्या ॲपची नोंदणी करायची. तिथं क्लायंट आयडी आणि क्लायंट सीक्रेट अशी जोडी मिळते. ती दाखवून टोकन घ्यायचं आणि पुढच्या प्रत्येक मागणीसोबत ते टोकन पाठवायचं. टोकनची मुदत थोडी असते, साधारण दीड तास. नेमकी किती सेकंदं उरली ते टोकनच्या उत्तरातच लिहिलेलं असतं. रात्री सुरू केलेलं काम मध्यरात्री बंद पडलेलं दिसलं आणि उत्तरात ४०१ हा आकडा असला, तर बहुतेक वेळा टोकन संपलेलं असतं.

टोकन घेण्याचे दोन रस्ते आहेत. पहिल्यात एखादा खरा माणूस लॉगिन करून परवानगी देतो आणि ॲप त्याच्या नावाने काम करतं. त्या माणसाला जेवढं दिसतं तेवढंच ॲपला दिसतं. दुसऱ्यात ॲपसाठी सर्व्हिस अकाउंट असतं. कुणी माणूस समोर नसताना रोज रात्री आपोआप चालणाऱ्या कामासाठी हा दुसरा रस्ता बरा. पहिल्या रस्त्याने केलेली व्यवस्था एखाद्याने नोकरी सोडली, त्याचं खातं बंद झालं, की दुसऱ्या दिवशी थांबते आणि मग ती कुणाच्या नावावर चालत होती याचा शोध सुरू होतो.

टोकनसोबत आणखी एक गोष्ट प्रत्येक मागणीच्या हेडरमध्ये द्यावी लागते : कंपनीचा आयडी. एकाच माणसाचं खातं अनेक कंपन्यांशी जोडलेलं असू शकतं, म्हणून मागणी कोणत्या कंपनीच्या वतीने आहे ते सांगावं लागतं.

क्लायंट सीक्रेट आणि टोकन म्हणजे घराची किल्ली. अडचण आली म्हणून ऑफिसच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकताना किंवा कोड गिटहबवर चढवताना ती जोडी उघडी राहते आणि हे फार सर्रास होतं. शिवाय फक्त यादी वाचायची असेल तर अकाउंटला फक्त वाचण्याचाच अधिकार मागावा. लिहिण्याचा अधिकार असलेल्या प्रोग्रामची एक चुकीची ओळ खऱ्या सब-कॉन्ट्रॅक्टरला खरा ईमेल पाठवू शकते.

मागणी करण्याचा क्रम

‘कंपनीच्या सगळ्या आरएफक्यू द्या’ अशी एकच मागणी करून काम संपेल, अशी अपेक्षा घेऊन लोक येतात. प्रत्यक्षात उतरंड उतरत जावं लागतं. आधी कंपनी, मग तिचे प्रोजेक्ट, मग प्रत्येक प्रोजेक्टमधले करार आणि चेंज इव्हेंट, आणि त्यांना जोडलेल्या आरएफक्यू. आरएफक्यू मागताना प्रोजेक्टचा आयडी लागतो. ती कराराला चिकटलेली असल्यामुळे कराराचा आयडीही हाताशी ठेवावा. नाहीतर ‘कुणाला विचारलं’ याचं उत्तर तक्त्यात नुसत्या आकड्याच्या रूपात येतं.

करार शोधताना शब्दांची आणखी एक गंमत आहे. स्क्रीनवर ज्याला ‘सबकॉन्ट्रॅक्ट’ म्हणतात, त्यालाच एपीआयमध्ये ‘वर्क ऑर्डर कॉन्ट्रॅक्ट’ असं नाव आहे. माल पुरवण्याचे करार ‘पर्चेस ऑर्डर कॉन्ट्रॅक्ट’ म्हणून वेगळे येतात. म्हणजे सगळे पुरवठादार आणि सगळे सब-कॉन्ट्रॅक्टर हवे असतील तर दोन्हींकडे मागणी करायची. एकच मागितलं तर काचा आणि स्टील पुरवणारे यादीतून गायब होतात.

उत्तर येतं ते जेसन या साच्यात, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या यादीत. आरएफक्यूचा क्रमांक, शीर्षक, स्थिती, उत्तराची मुदत, कुणाकडे पाठवली, अशा गोष्टी त्यात असतात. पहिल्यांदा पाहताना पोस्टमनसारख्या साधनात एकच मागणी करून उत्तर नीट वाचावं. कोड त्यानंतर लिहावा. इंटरनेटवर सापडणाऱ्या जुन्या नमुन्यांत पत्त्यामध्ये ‘व्हेपिड’ असा शब्द दिसला तर तो नमुना सोडून द्यावा. ती जुन्या पिढीची रचना आहे. हल्लीचे पत्ते ‘रेस्ट’ आणि त्यापुढे आवृत्तीचा क्रमांक अशा रूपात असतात.

सराव करायला सँडबॉक्स आहे. एका प्रकारच्या सँडबॉक्समध्ये कंपनीच्या खऱ्या माहितीची प्रत दर महिन्याला नव्याने भरली जाते. म्हणजे तिथं केलेले बदल महिन्याने पुसले जातात, हे आधी माहीत असलेलं बरं.

रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

आता बीमच्या उदाहरणाकडे परत येऊ. समजा तीन आरएफक्यू गेल्या. विजेच्या सब-कॉन्ट्रॅक्टरने १८,४०० डॉलर लिहिले. सीलिंगवाल्याने ० लिहिलं, कारण त्याचं काम अजून सुरूच झालेलं नव्हतं आणि दोन इंच खाली आणायला त्याला वेगळा खर्च नव्हता. एसीवाल्याने उत्तरच दिलं नाही.

एपीआयच्या उत्तरात सीलिंगवाल्याची रक्कम शून्य असेल. एसीवाल्याच्या रकमेच्या जागी ‘नल’ असेल, म्हणजे ‘इथं काही नाही’. हा फरक माणसाला लगेच कळतो. पण हीच यादी एक्सेलमध्ये उतरवताना बऱ्याच जणांना रिकामे चौकोन आवडत नाहीत, म्हणून ते कोडमध्ये ‘नल असेल तर शून्य भरा’ अशी ओळ घालतात. तक्ता छान दिसतो. बेरीज १८,४०० येते. प्रोजेक्ट मॅनेजर मालकाला सांगतो की या बदलाचा खर्च साडेअठरा हजारांच्या आत आहे, मालक मान डोलावतो आणि काम सुरू होतं.

तीन आठवड्यांनी एसीवाल्याचं कोटेशन येतं, ३१,२५० डॉलरचं. खरी बेरीज ४९,६५० होते. डक्ट तोपर्यंत वळवून झालेला असतो, भाव करायला जागा उरलेली नसते आणि मालक विचारतो की आधी काय सांगितलं होतं. या सगळ्यात एपीआयने एकही चुकीची गोष्ट सांगितलेली नाही. त्याने ‘उत्तर नाही’ असंच सांगितलं होतं. ते ‘खर्च नाही’ असं वाचलं गेलं.

म्हणून अशा तक्त्यात रकमेच्या शेजारी स्थितीचा रकाना हवाच. उत्तर आलं, उत्तर बाकी, मुदत उलटली, हे वेगवेगळं दिसलं पाहिजे आणि बेरजेखाली ‘तीनपैकी दोन उत्तरं’ असं लिहिलेलं हवं. दिवसांच्या रकान्यालाही हेच लागू आहे. ‘शून्य दिवस वाढतील’ आणि ‘दिवसांबद्दल काही सांगितलं नाही’ यात एखाद्या हॉस्पिटलच्या उद्घाटनाच्या तारखेएवढा फरक असू शकतो.

रकमांबद्दल आणखी एक बारीक गोष्ट. एपीआयमध्ये रक्कम अनेकदा आकडा म्हणून न येता अक्षरांच्या रूपात, अवतरणचिन्हांत येते. पैशांचे अपूर्णांक बिघडू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे. पण काही प्रोग्रामिंग भाषांत अशा दोन रकमांची बेरीज केली की त्या एकमेकांना नुसत्या जोडल्या जातात. बेरीज अचानक अब्जावधींत गेली तर कुणीतरी हसून चूक सुधारतं. एक्सेलचं मात्र उलटं आहे. अक्षरांच्या रूपातल्या रकमा तो बेरजेत धरतच नाही आणि कुरकुरही करत नाही.

जे प्रोजेक्ट दिसतच नाहीत

यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे आख्खा प्रोजेक्टच यादीत नसणं.

सर्व्हिस अकाउंटला कंपनीतले सगळे प्रोजेक्ट आपोआप दिसतात असा समज असतो. तसं नसतं. कंपनीच्या ॲडमिनने त्या ॲपला कोणत्या प्रोजेक्टमध्ये वावरायची मुभा आहे याची यादी दिलेली असते आणि त्या प्रोजेक्टमध्येही कोणतं खातं वाचायची परवानगी आहे हे वेगळं ठरलेलं असतं. मार्चमध्ये व्यवस्था बसवली तेव्हा बारा प्रोजेक्ट होते, बाराही यादीत घातले. जूनमध्ये तेरावा सुरू झाला. तो यादीत घालायचं कुणाला सुचलं नाही, तर रोजचा अहवाल बारा प्रोजेक्टचाच येत राहतो. रोज वेळेवर, कोणतीही चूक न दाखवता.

परवानगी नसलेल्या गोष्टीची थेट मागणी केली तर निदान ४०३ असा नकार मिळतो. कधी ४०४ येतो, म्हणजे ‘अशी गोष्ट सापडली नाही’. नसलेल्या अधिकाराला ‘सापडलं नाही’ असं उत्तर देण्याची पद्धत अनेक एपीआयमध्ये आहे, कारण ‘ती गोष्ट आहे, पण तुम्हाला दाखवणार नाही’ असं सांगणं हीसुद्धा माहिती झाली. त्यामुळे ४०४ दिसला की आयडी तपासावा, तसाच अधिकारही तपासावा. पण प्रोजेक्टची यादी मागितली आणि त्यात एक प्रोजेक्ट कमी आला, तर नकाराचा कोणताच आकडा येत नाही. उत्तर २०० येतं, म्हणजे सगळं ठीक.

यावर उपाय अगदी साधा आहे आणि तो सॉफ्टवेअरच्या बाहेरचा आहे. कंपनीच्या हिशेब विभागाकडे चालू साइटची यादी असतेच, कारण बिलं त्यावरच निघतात. ती यादी आणि एपीआयमधून आलेली प्रोजेक्टची यादी महिन्यातून एकदा शेजारी ठेवून मोजायची. चौदा आणि तेरा असे आकडे निघाले, तर कुणालातरी फोन करायचा.

तोच प्रकार पानांचा. लांब यादी एपीआय एका दमात देत नाही, पानं पाडून देतो. कितवं पान आणि पानावर किती नोंदी, हे मागणीत सांगायचं असतं. समजा प्रोजेक्टमध्ये १३७ आरएफक्यू आहेत आणि पानावर ५० मागितल्या, तर तीन पानं होतात : ५०, ५० आणि ३७. पहिलं पान घेऊन थांबलेल्या प्रोग्रामला बरोब्बर ५० नोंदी मिळतात आणि तो खूश असतो. अहवालात नोंदींची संख्या ५० किंवा १०० अशी गोल दिसली तर संशय घ्यायला हरकत नाही. प्रोकोअर उत्तराच्या हेडरमध्ये एकूण नोंदींची संख्या आणि पुढच्या पानाचा दुवा देतो. दुवा संपेपर्यंत पुढे जायचं आणि शेवटी आपल्याकडे जमलेल्या नोंदी त्या एकूण संख्येशी ताडून पाहायच्या. चार ओळींचं काम आहे, पण बरेच जण ते करत नाहीत. चाचणीच्या वेळी प्रोजेक्टमध्ये दहाच नोंदी असतात आणि सगळं एका पानात मावतं, म्हणून गरज कळत नाही.

मुदत कुणाच्या घड्याळाने?

भारतात बसून अमेरिकी कंत्राटदारांच्या सिस्टिम सांभाळणाऱ्यांना हा प्रश्न हमखास भेटतो. एपीआयमधल्या वेळा सहसा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात. भारत तिच्या साडेपाच तास पुढे, कॅलिफोर्निया उन्हाळ्यात सात तास मागे आणि हिवाळ्यात आठ. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आलेलं कोटेशन यूटीसीत शनिवारच्या पहिल्या क्षणाला नोंदलं जातं आणि पुण्यात तेव्हा शनिवारचे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. मुदत शुक्रवारची होती. अहवाल सांगतो की सब-कॉन्ट्रॅक्टर एक दिवस चुकला. तो तर वेळेत होता.

वेळ लिहिलेली नोंद आणि नुसती तारीख लिहिलेली नोंद, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या तारखेला कुठल्याच देशाच्या घड्याळात बदलू नये, ती जशी आहे तशी ठेवावी. वेळ असलेली नोंद साइट ज्या गावी आहे तिथल्या वेळेत बदलून मगच मुदतीशी तुलना करावी.

किती वेळा विचारायचं?

दर मिनिटाला सगळ्या प्रोजेक्टची यादी मागत राहिलं तर एपीआय ४२९ असा आकडा देतो, म्हणजे ‘जरा थांबा’. मागण्यांना ठरावीक काळात ठरावीक मर्यादा असते. किती शिल्लक आहेत आणि मर्यादा पुन्हा कधी भरेल, हे उत्तराच्या हेडरमध्ये लिहिलेलं असतं. ते वाचून थांबणारा प्रोग्राम रात्रभर नीट चालतो. न वाचता पुन्हा पुन्हा धडका मारणारा अर्ध्यात अडकतो आणि पुन्हा तोच प्रकार, अर्धी यादी.

खरं तर कोटेशनं मिनिटामिनिटाला बदलत नाहीत. साइटचं काम सुरू होण्याआधी सकाळी एकदा आणि दुपारनंतर एकदा यादी घेतली तरी बहुतेक कंपन्यांचं भागतं. लगेच कळायलाच हवं असेल तर वेबहुक असतो. त्यात आपण विचारायचं नसतं, बदल झाला की प्रोकोअर आपल्या पत्त्यावर निरोप पाठवतो. मात्र त्या निरोपात पूर्ण कोटेशन नसतं. कोणत्या प्रकारची नोंद, तिचा आयडी काय आणि ती नवी आली, बदलली की पुसली गेली, एवढंच असतं. मजकुरासाठी पुन्हा एपीआयकडे जावंच लागतं. आपला सर्व्हर बंद असताना आलेला निरोप हुकूही शकतो, म्हणून वेबहुक असला तरी दिवसातून एकदा पूर्ण यादी घेणं सोडू नये.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळं असतं का?

शब्द सारखे, मांडणी वेगळी. ऑटोडेस्कच्या कन्स्ट्रक्शन क्लाउडमध्येही आरएफक्यू आहे. तिथं ती खर्चाच्या विभागात येते आणि एपीआयच्या नजरेने ती चेंज ऑर्डरच्या प्रकारांपैकी एक आहे. संभाव्य बदल, मग आरएफक्यू, मग मालकाकडे विनंती, मग मालकाची आणि सब-कॉन्ट्रॅक्टरची चेंज ऑर्डर अशी साखळी असते आणि मागणी करताना आपल्याला कोणता प्रकार हवा ते सांगायचं. पानांच्या ऐवजी ‘इतक्या नोंदी सोडून पुढच्या इतक्या द्या’ अशी भाषा वापरतात. त्यामुळे एका सॉफ्टवेअरसाठी लिहिलेला कोड दुसरीकडे तसाच चालत नाही. रिकामी जागा, अधिकार आणि अर्धवट यादी हे तीन प्रश्न मात्र तिथंही तेच.

रोजची प्रत कशासाठी ठेवायची

एपीआय आजची स्थिती सांगतो. कोटेशन सुधारलं गेलं, मुदत पुढे ढकलली, आरएफक्यू बंद झाली, की आजच्या यादीत नवं चित्र दिसतं. ‘१२ तारखेला काय दिसत होतं’ हे त्या यादीतून कळत नाही. ते कळायला हवं, कारण बांधकामाच्या करारांत तारखांना पैशाएवढीच किंमत असते.

अमेरिकेत बऱ्याच कामांत वापरल्या जाणाऱ्या एआयएच्या ए-२०१ या सर्वसाधारण अटींच्या २०१७ च्या आवृत्तीत, वाढीव खर्चाचा किंवा वेळेचा दावा करायचा तर ती घटना घडल्यापासून किंवा ती लक्षात आल्यापासून, यातलं जे नंतरचं असेल तेव्हापासून, २१ दिवसांत सूचना द्यावी लागते. फिडिकच्या १९९९ च्या लाल पुस्तकात कंत्राटदाराला अशा सूचनेसाठी २८ दिवस आहेत. भारतात जागतिक बँकेसारख्या संस्थांच्या कर्जावर चालणाऱ्या मोठ्या प्रकल्पांत फिडिकच्या धर्तीचे करार अनेकदा दिसतात, त्यामुळे २८ दिवसांचा हा आकडा आपल्याकडच्या कंत्राटदारांनाही अनोळखी नाही.

बीम सापडल्याची तारीख, आरएफक्यू पाठवल्याची तारीख आणि एसीवाल्याचं उत्तर आल्याची तारीख, या तीन तारखांवर सूचना वेळेत दिली की नाही हे ठरतं. एसीवाल्याच्या आकड्याची वाट पाहत तीन आठवडे गेले असतील, तर २१ दिवसांची खिडकी जवळजवळ बंद झालेली असते. आकडा नंतर देता येतो, सूचना मात्र आधी जायला हवी. उत्तर न आलेल्या आरएफक्यू वेगळ्या काढून, चेंज इव्हेंट सुरू होऊन किती दिवस झाले तो आकडा शेजारी दाखवणारा तक्ता असेल, तर प्रोजेक्ट मॅनेजरला चौदाव्या-पंधराव्या दिवशीच ते दिसतं.

म्हणून रोजचं मूळ उत्तर, जसं आलं तसं, तारीख घालून बाजूला साठवतात. त्यातली कोणतीही ओळ बदलत नाहीत, रिकामे चौकोन भरत नाहीत. तक्ता त्या प्रतीवरून बनतो आणि वाद झालाच तर वकील तक्त्याआधी ती प्रत मागतो.